बेड थ्रीला दोनदा विचारा

"बेड थ्रीला दोनदा विचारायचं. पहिल्यांदा ती नेहमी फाइनच म्हणते."

पडद्यापलीकडे नर्सेसची पाळी बदलत होती. जाणारी सिस्टर ग्रेस येणाऱ्या सिस्टरला एकेका पेशंटची हकिगत भराभर सांगत होती. बेड वनचं सलाइन संपत आलंय, बेड टूची साखर वाढली आहे, बेड थ्रीचा ताप उतरला आहे, आणि मग हे वाक्य. बेड थ्री म्हणजे मी. डोळे मिटून पडले होते, म्हणून त्यांना मी झोपले आहे असं वाटलं असावं.

आधी मला राग आला, मग लाज वाटली आणि मग हसू आलं. शाळेत टीचरना, ऑफिसात मॅनेजरला, घरी आईला, सगळ्यांना मी वर्षानुवर्षं 'फाइन' सांगत आले होते आणि सगळ्यांनी ते मानून घेतलं होतं. हिला मात्र माझं 'फाइन' बीपीचा पट्टा बांधता बांधता कळलं. त्या दिवसापासून वॉर्डात मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली जाऊ लागली. दुखतंय? नाही. खरंच नाही? मग, थोडं थांबून, हो.

आज मी बरी आहे. आजार गेलेला नाही आणि तो जाणारही नाही, पण औषधाला दबून राहतो. मी नोकरी करते, पोहायला जाते, आंबे खाते. हे लिहिण्याचं कारण असं की इथे परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून नवीन आलेलं कोणीतरी विचारतं: एम्प्लॉयमेंट पासवर आहे, विमा कोणता घ्यावा? कंपनीचा सरकारी हॉस्पिटलवाला पुरतो, की स्वतःचा प्रायव्हेट हवा? उत्तरं धडाधड येतात. त्यातली बरीचशी मलाही मिळाली होती. विचारणाऱ्यांपैकी निदान एकीचं पोट आधीच दुखत असणार, असं मला दर वेळी वाटतं. हे तिच्यासाठी.

आधी पॉलिसी, मग डॉक्टर

मी वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि तोआ पायोहला अनघाताईच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहते. अनघाताई मूळची ठाण्याची. तिला आणि तिच्या नवऱ्याला इथे पीआर मिळून, म्हणजे इथले कायमचे रहिवासी होऊन, आता जुनं झालं. मी पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवर इथली. हा फरक तेव्हा मला विमानतळावरच्या रांगेपुरता वाटायचा.

पोट बिघडायला लागलं तेव्हा आईला फोनवर 'जरा पोट ठीक नाही' एवढंच सांगितलं. आमच्या घरी पोटाबद्दल बोलायची चोरी कधीच नव्हती. बाबा सकाळच्या चहाबरोबर 'पोट साफ झालं का' हे इतक्या मोकळ्या आवाजात विचारतात की पाहुणे दचकतात. पण शौचातून रक्त पडतंय, हे वाक्य मला मराठीत कधी बोलावं लागलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे शरीर मी इंग्रजीतून शिकले, चित्रातल्या बाणांवरून. ते वाक्य मनात इंग्रजीत म्हणून पाहिलं की दुसऱ्या कोणाबद्दल असल्यासारखं वाटायचं, आणि मराठीत म्हणून पाहिलं की फारच माझं. शेवटी मी ते कुठल्याच भाषेत म्हटलं नाही. आई म्हणाली, बाहेरचं खाणं कमी कर, ताक पी. मी ताक प्यायले.

अनघाताईला सांगितलं ते एका रविवारी, ती भेंडी चिरत असताना. तिला अंदाज आलाच होता. एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसापासून बाथरूमचं दार लपत नाही. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुठल्या डॉक्टरकडे गेलीस?"

नाही म्हटलं.

"बरं झालं. आता लगेच जाऊ नकोस."

मग तिने मला समजावलं, आणि तिचं बोलणं मुद्देसूद होतं. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. शिवाय तो फक्त सरकारी हॉस्पिटलांपुरता. स्वतःची प्रायव्हेट पॉलिसी हवी, जगात कुठेही चालणारी, म्हणजे उद्या पुण्याला परत गेलीस तरी उपयोगी पडेल. पण एकदा का डॉक्टरने रक्ताचं काही लिहिलं, की तो झाला आधीपासूनचा आजार, आणि मग कोणी तुला दारात उभं करणार नाही. "आधी पॉलिसी, मग डॉक्टर," ती म्हणाली. आधी तांदूळ धुवायचे, मग शिजत लावायचे, इतक्या सहज.

अनघाताईला दोष द्यायला मी हे सांगत नाही. मला ताप आला की सूप करणारी, माझ्या छत्र्या हरवल्या की स्वतःची देणारी ती बाई आहे. आणि हा सल्ला तिचा एकटीचा नव्हता. आमच्या ओळखीपाळखीत सगळेच तो देतात. ज्याने दिला नसता असा एकही माणूस मला आठवत नाही.

तिनेच जोआनशी गाठ घालून दिली. जोआन इथलीच, चिनी, विमा एजंट, पन्नाशीची, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारी. पाया लेबारच्या मॉलमधल्या एका कॉफीच्या दुकानात भेटलो. तिने वेगवेगळ्या पॉलिसी दाखवल्या आणि बोलता बोलता, सगळ्यांना सांगते तशी, एक गोष्ट सांगितली. काही आजार असेल आणि तो तुम्ही सांगितलात, तर विमा कंपनी तेवढा आजार वगळेल, किंवा हप्ता वाढवेल, किंवा नाही म्हणेल. सांगितला नाहीत आणि पुढे कळलं, तर पॉलिसीच रद्द करेल. अनघाताई हसत म्हणाली, एवढ्या तरुण मुलीला काय होणार. मी कॉफीत चमचा फिरवत राहिले. त्या दिवशी काही विचारलं गेलं नाही, फक्त पॉलिसी निवडायची होती.

आणि निवड लांबत गेली. पुण्याहून आई विचारायची, ही आपल्याकडे चालेल ना, त्यात अमुक हॉस्पिटल आहे ना. अनघाताईच्या एका मैत्रिणीने तिसरीच पॉलिसी सुचवली. जोआन नवीन माहिती पाठवायची, ती आम्ही पुण्याला पाठवायचो, पुण्याहून नवे प्रश्न यायचे. आम्ही फ्रिज घेतल्यासारखी तुलना करत होतो. त्या काळात मला तोआ पायोह ते वन-नॉर्थ या वाटेवरच्या प्रत्येक स्टेशनातलं टॉयलेट पाठ झालं होतं. बिशानला गाडी बदलताना कुठल्या डब्यात बसलं की जिन्यासमोर उतरता येतं, तेसुद्धा. ऑफिसमध्ये मी जेवण सोडलं होतं. सडपातळ दिसतेस, असं एकीने कौतुकाने म्हटलं. मी थँक्यू म्हणाले.

कंपनीचा विमा तेव्हाही मला तज्ज्ञ डॉक्टरकडे जाऊ देत होता. ठरलेल्या क्लिनिकात जायचं, चिठ्ठी घ्यायची, सरकारी हॉस्पिटलात दाखवायचं, एवढंच होतं. जे हातात होतं ते वापरलं तर जे हातात नाही ते मिळणार नाही, या हिशेबाने मी घरी बसून होते.

ब्युना व्हिस्टा

एका सकाळी वन-नॉर्थच्या एक स्टेशन आधी, ब्युना व्हिस्टाला, मला उतरावं लागलं. टॉयलेटमधून बाहेर आले, हात धुतले, आणि नंतरचं आठवतं ते जमिनीवरून दिसणारं छत. स्टेशनचा एक माणूस माझ्या डोक्याखाली स्वतःचं जाकीट सरकवत होता. कोणीतरी गोड पाण्याची बाटली उघडत होतं. मी म्हणाले, आय ॲम फाइन. त्यावर त्या माणसाने मान हलवली आणि वॉकीटॉकीवर अँब्युलन्स मागवली.

सरकारी की प्रायव्हेट, यावर आम्ही दोन देशांत मिळून केवढा खल केला होता. अँब्युलन्सने काही विचारलं नाही. ती सरळ सरकारी हॉस्पिटलात गेली.

तिथे काउंटरवरच्या बाईने मी इथली रहिवासी आहे का, हे विचारलं. नाही म्हटल्यावर अनामत किंवा विम्याचं हमीपत्र लागेल, असं शांतपणे सांगितलं. अनघाताई तोवर धावत आली होती. तिने माझ्या कंपनीच्या एचआरला फोन लावून ते हमीपत्र मागवलं, माझी चप्पल शोधून आणली, आणि मग भिंतीकडे तोंड करून जरा रडली. मला दिसणार नाही असं तिला वाटलं.

तपासणाऱ्या डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. पायात धावण्याचे बूट होते. किती दिवसांपासून होतंय, त्यांनी विचारलं. थोडे दिवस, मी म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, लिहिलंही नाही, नुसत्या थांबल्या. ती शांतता मला सहन झाली नाही. मग मी खरं सांगितलं. इतके दिवस का थांबलीस, असं त्यांनी विचारलं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, कारण त्याचं उत्तर द्यायची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून तपासणी, झाल्यावर त्या परत आल्या आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. कागदावर त्यांनी उलट्या यू अक्षरासारखं मोठं आतडं काढलं आणि त्यातला अर्धाअधिक भाग पेनाने भरून टाकला. हा आजार कर्करोग नाही. संसर्गही नाही. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या स्वस्त खानावळींतल्या, जेवणाने झालेला नाही. शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडतंय. नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. औषधाने आटोक्यात येतो, मुळातून जात नाही.

लाइफलाँग हा शब्द मी तोवर फक्त वॉरंटीच्या जाहिरातीत ऐकला होता.

मरणाची भीती वाटली नाही. मला आठवतंय, माझ्या मनात एक साखळी सरकन फिरली: नोकरी गेली तर पास जाईल, पास गेला तर विमा जाईल, विमा गेला तर औषध जाईल. आजार तेवढा राहील. पुढचे कित्येक दिवस ही साखळी माझ्या डोक्यात फिरत होती. बरं होण्यापेक्षा मला ती तोडायची जास्त घाई होती.

चार खाटांचा वॉर्ड

माझ्या विम्यात चार खाटांची खोली बसत होती. आयुष्यात मी कोणाबरोबर खोली वाटून घेतली नव्हती, आणि आता माझ्या पोटाचा रोजचा अहवाल तीन अनोळखी बायकांना ऐकू जाणार होता. कारण सिस्टर विचारायच्याच तशा, पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात: आज कितीदा? रक्त होतं की नव्हतं? मी कुजबुजत उत्तर द्यायचे, आणि त्या ते पडताळून घ्यायला मोठ्याने परत म्हणायच्या.

शेजारच्या खाटेवर एक चिनी आंटी होत्या, पाय मोडलेल्या. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी बाथरूममधून भिंत धरत परत येत होते, तेव्हा त्यांनी मायलोचा, म्हणजे चॉकलेटी दुधाचा, कप खाली ठेवून विचारलं, "गर्ल, टुडे गॉट ब्लड ऑर नॉट?"

मी भिंत धरून उभी राहिले. मग म्हणाले, लेस.

"गुड ला," त्या म्हणाल्या आणि परत मायलो पिऊ लागल्या.

त्या क्षणी काहीतरी सैल झालं. एवढंच होतं तर ते. एक प्रश्न, एक उत्तर, मग मायलो. त्याच दुपारी आंटींनी सिस्टर ग्रेसला बोलावून आमच्या खाटा बदलायला लावल्या. बाथरूमजवळची खाट त्यांची होती, पण त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, त्यांना तिकडे जायचंच नव्हतं. पळावं हिला लागतं, मला नाही, असं त्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं. मी बेड फोरला गेले, तरी सिस्टर मला बेड थ्रीच म्हणत राहिल्या, आणि दोनदा विचारत राहिल्या.

हॉस्पिटलचा दिवस लवकर सुरू होतो आणि संपता संपत नाही. रक्त काढणं, गोळ्या, पातळ भात, डॉक्टरांची फेरी, परत गोळ्या. स्टेरॉइडने तोंड सुजतं आणि भूक लागते. भूक लागली तेव्हा मी इतकी खूश झाले की शाकाहारी जेवणातली पिवळी डाळ मला पक्वान्न वाटली. आजारी असणाऱ्यांना सांगते, असल्या गोष्टी मोजा. डॉक्टरांचे आकडे वर-खाली होत राहतात.

आई

आई पुण्याहून आली ती मेतकूट, तुपाची बरणी आणि एक मोठा प्रश्न घेऊन. खोलीत शिरताच तिने मला जवळ घेतलं आणि केसांवरून हात फिरवत हळूच विचारलं, "सरकारीत का गं ठेवलंय तुला? प्रायव्हेट नव्हतं का मिळत?"

आमच्या घरात आजवर कोणी आपणहून सरकारी दवाखान्याची पायरी चढलेलं नाही. पुण्यात सरकारी म्हणजे ज्याला दुसरं काही परवडत नाही त्याने जायची जागा, हे आम्ही कधी कोणाला शिकवलं नाही आणि कोणी विसरलंही नाही. आईने बाथरूम पाहून घेतलं, चादरीचा वास घेतला, खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. ती जरा खट्टूच झाली. संध्याकाळी मात्र तिने बाबांना फोनवर सांगितलं, की इथे सरकारी म्हणजे आपल्यासारखं नाही हो, आणि इतक्यांदा विचारतात पोरीला, की मीच कंटाळले.

पण पॉलिसीची गोष्ट तिने सोडली नव्हती. जोआनकडचा अर्ज अजून भरायचाच होता. मी घरी आल्यावर आई आणि अनघाताई स्वयंपाकघरात त्यावर बोलायच्या, मी खोलीत झोपले आहे असं समजून. इथल्या भिंती पातळ आहेत. अनघाताईचं म्हणणं, हॉस्पिटलचे कागद आपोआप परदेशी विमा कंपनीकडे जात नाहीत, काकू. आईचं म्हणणं, तिला काही खोटं बोलायला लावायचं नाही, पण आपण होऊन कशाला सांगायचं. एकदा पॉलिसी मिळू दे, मग वर्षभराने आजार 'निघाला' म्हणायचं. पोरीला उद्या नोकरी सुटली तर तिच्या मागे काय आहे?

हे बोलणारी माझी आई होती, ही गोष्ट मला सारखी टोचत होती. कारण बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात होते आणि आईबरोबर हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीसमोर बसले होते. आमचा विमा उतरवणारे एजंटकाका शेजारच्याच सोसायटीतले, गणपतीला येणारे-जाणारे. पॉलिसी घेताना ते म्हणाले होते, बीपी काय, चाळिशीनंतर सगळ्यांनाच असतं, ते कोणी लिहीत नाही. बाबांनी लिहिलं नाही. ऑपरेशननंतर विमा कंपनीने तेच कारण धरलं आणि दावा फेटाळला. आत बाबांची भूल उतरत असताना आई बँकेत जाऊन मुदत ठेव मोडत होती. संध्याकाळी बाबांनी शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारलं असेल, तर विम्याचं काय झालं. आईने सांगितलं, झालं सगळं, काही काळजी करू नका.

म्हणजे 'फाइन' म्हणायची सवय मला कुठून लागली, हे मला माहीत आहे.

आईला हे आठवत नव्हतं असं नाही. एकदा भात कालवताना ती स्वतःच म्हणाली, तुझ्या बाबांचं वेगळं होतं. कसं वेगळं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाला ज्या फांदीवरून एकदा पडलो तीच पुन्हा धरावीशी वाटते, कारण ती हाताशी असते.

पायाखालची जमीन

घरी पडून असताना मी एक काम केलं, जे आजारी पडायच्या आधी करायला हवं होतं. कंपनीच्या एचआरला सरळ प्रश्न विचारले. मला कुठल्या हॉस्पिटलात जाता येतं? हा आजार तुमच्या विम्यात धरला जातो का? तज्ज्ञांच्या तपासणीला आणि औषधांना मर्यादा आहे का? नोकरी सोडली तर कुठल्या दिवसापर्यंत विमा चालतो? फोनवर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून लिहून विचारले. उत्तरं आली, आणि माझ्या भीतीपेक्षा बरीच बरी होती. माझ्या कंपनीच्या विम्यात हा आजार धरलेला होता. सगळ्या कंपन्यांचं असं नसतं. म्हणून विचारायचं.

दुसरं कळलं ते अनघाताईच्या सल्ल्याबद्दल. ती पीआर आहे. इथल्या रहिवाशांना सरकारची मूळ विमा योजना असते, जुना आजार असला तरी त्यातून कोणाला बाहेर काढत नाहीत, आणि सरकारी हॉस्पिटलात त्यांना सवलतही मिळते. त्याच्या वर ते हवी तर प्रायव्हेट पॉलिसी चढवतात. वरचा मजला मिळाला नाही तरी तळमजला आहेच. पासवरच्या माणसाला ती योजना नाही आणि सवलतही नाही. सरकारी हॉस्पिटल त्याला उघडं आहे, पण पूर्ण दराने. तेव्हा 'सरकारी घेऊ की प्रायव्हेट' हा प्रश्न तिचा वेगळा आणि माझा वेगळा होता. ती वरच्या मजल्याबद्दल बोलत होती. माझा सगळा तळमजलाच कंपनीने बांधलेला. तिच्याही लक्षात हे आलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तर तुला स्वतःची आणखीनच हवी."

आणि हेही खोटं नव्हतं. म्हणूनच निर्णय अवघड होता. खरं सांगितलं तर या आजारासाठी प्रायव्हेट दार बहुधा बंद होणार, आणि माझ्या औषधांचा सगळा भार या एका नोकरीवर येणार. न सांगितलं तर पॉलिसी हातात येणार, आईला झोप लागणार, आणि ती पॉलिसी ज्या दिवशी लागेल नेमकी त्याच दिवशी फाटणार. हे मला नीट दिसत होतं. पण दिसणं आणि बोलणं यांच्यात माझं सगळं आयुष्य गेलं आहे.

पाया लेबार

जोआनने परत त्याच कॉफीच्या दुकानात बोलावलं. आई आली, कारण तिला परत जायच्या आधी हे मार्गी लावायचं होतं. अनघाताई आली, कारण ओळख तिची. मी काय सांगणार, हे मी दोघींनाही सांगितलं नव्हतं. मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. ट्रेनमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती आणि पर्सचा बंद सारखा सरळ करत होती. मधेच म्हणाली, "तू काही बोलू नकोस, अनघा बोलेल." मी मान हलवली. ही माझी जुनी मान होती, हो आणि नाही दोन्हीला चालणारी.

जोआनने टॅब्लेट उघडला, चष्मा डोक्यावर शोधला आणि एकेक प्रश्न वाचायला सुरुवात केली. सिगारेट? माझ्याआधी आईच "नो, नो" म्हणाली. मद्य? आई परत "नो", यावर अनघाताई माझ्याकडे पाहून गालात हसली. मी म्हणाले, कधीतरी. आईने माझ्याकडे पाहिलं. जोआनने लिहून घेतलं. जगबुडी झाली नाही.

मग तिने पुढचा प्रश्न वाचला. आत्ता किंवा पूर्वी, कोणताही आजार, उपचार, हॉस्पिटलात दाखल होणं?

"शी इज व्हेरी हेल्दी," अनघाताई म्हणाली. "स्विमिंग एव्हरी वीक."

टेबलाखाली आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला. दाबला नाही, नुसता ठेवला. ब्युना व्हिस्टाच्या छताकडे मी पाहत पडले होते तेव्हा हाच हात मला हवा होता. त्या हाताला किती भीती वाटते आहे ते मला कळत होतं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी टोस्टची ऑर्डर देत होतं. जोआनने अनघाताईकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, बोट टॅब्लेटच्या वर धरून. तिने एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा ती विचारणार नव्हती. दुसऱ्यांदा विचारणं तिचं कामच नव्हतं.

मी आईच्या हातावर माझा हात ठेवला.

"आहे," मी जोआनला इंग्रजीत म्हणाले. "मला आतड्याचा आजार आहे. शौचातून रक्त पडत होतं, बरेच दिवस, आणि मी ते कोणाला सांगत नव्हते. नंतर हॉस्पिटलात होते. आता औषध चालू आहे आणि ते लागू पडतंय. हे सगळं लिहा, आणि मग जे मिळेल ते द्या."